शेवटून येणारा ओरिन पास्को

ओरिन पास्कोला ओळखत नाही असा माणूस कॉपरबेलमध्ये सापडणार नाही. पण त्याच्याबद्दल दोन वाक्यांच्या वर सांगू शकेल असाही कुणी सापडायचा नाही. पहिलं वाक्य, तो डॅग्नीचा नवरा. दुसरं, तो सगळ्यांत शेवटी येतो. चर्चमधून बाहेर पडायला शेवटी, कॉफीच्या रांगेत शेवटी, आणि शनिवारी डोंगरात निघालेल्या स्कीच्या ओळीत तर शेवटी म्हणजे शेवटीच. आता डॅग्नी नाही आणि ते शनिवारही राहिले नाहीत. ओरिन खिडकीपाशी बसून समोरच्या केटल डोंगराकडे बघत असतो. कसा आहेस विचारलं तर म्हणतो, "बरा आहे. पुढचे सगळे गेले, म्हणजे आता माझाच नंबर." आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसतो.

पास्को म्हणजे खाणवाल्यांचं घराणं. आजोबा कॉर्नवॉलहून थेट इथल्या खाणीत उतरले, ते जणू वर आलेच नाहीत. असल्या लोकांच्या लेखी बर्फ म्हणजे दारातून फावड्याने ओढून टाकायची पीडा. ओरिन त्यातल्या त्यात उजेडात आला. खाणीतलं दगडमातीचं खनिज दोरावरच्या बादल्यांतून डोंगराखाली यायचं, त्या दोरमार्गाचा तो मिस्त्री. दिवसभर खांबावर चढून चाकांना ग्रीस लावायचं. अशाच एका खांबावर तो लटकलेला असताना खालून एक मुलगी स्कीवरून सरसरत आली, थांबली आणि वर बघून ओरडली, "ए खांबावरच्या! वरच्या घळीतला बर्फ सुटलाय का?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

"मग एवढ्या उंच चढून उपयोग काय तुझा?"

ती डॅग्नी हॉल्वर्सन. तिचा बाप स्कीवरून टपाल न्यायचा, आणि पोरगी चालण्याआधी घसरायला शिकली असं गावात म्हणत. ओरिनला त्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी सुचलं नाही. म्हणून त्याने तिला दुसऱ्या दिवशी गाठलं, तिसऱ्या दिवशी गाठलं, आणि वसंतात लग्न केलं. उत्तर त्याला तेव्हाही सुचलेलं नव्हतं.

लग्नानंतर स्की शिकणं भाग होतं. अहो, पहिला हिवाळाभर काय पडला तो बाप्या! लोक म्हणायचे, पास्को डोंगर चढत नाही, डोंगराला टेकू देत जातो. पडणारा माणूस मधे असला की मागचे खोळंबतात, म्हणून त्याला शेवटी टाकलं. पुढे तो पडायचा थांबला, पण जागा तीच राहिली. कुणाचा पट्टा तुटला, कुणाच्या स्कीखालची चढायची केसाळ पट्टी सुटली, की तो माणूस कडेला होऊन उभा राहायचा. त्याला ठाऊक असायचं, मागून ओरिन येतोय. ओरिनच्या पाठपिशवीत पक्कड, तार, चामड्याचे तुकडे, आणि कोटाच्या आत छातीशी धरून ऊबदार ठेवलेली एक पास्टी, म्हणजे मटण भरलेली मोठी करंजीच, असे. दुरुस्ती झाली की अर्धी पास्टी त्या माणसाला मिळायची. फिलोमेना आर्चुलेटा, आमची बेकरीवाली, खुशाल कबूल करायची की पास्टीसाठी ती कधीकधी मुद्दाम पट्टा सैल बांधते.

पुढे मात्र डॅग्नी. गावातली अर्धी मुलं तिच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे डोंगरातही तिचा दरारा शाळेसारखाच. उताराच्या अलीकडे थांबायची, फावड्याने बर्फ जमिनीपर्यंत खणायची, हातमोजा काढून थर चाचपायची. आमच्याकडे ऑक्टोबरात बर्फ पडतो, मग आठवडेच्या आठवडे कडक ऊन आणि कडक थंडी. त्या पहिल्या बर्फाची तळाशी साखर होते. मुठीत धरावी तर बोटांतून गळते. त्यावर नंतरच्या वादळांचा जाड थर बसतो, आणि सगळा उतार त्या साखरेवर नुसता टेकलेला राहतो. डॅग्नी ती साखर प्रत्येकाच्या तळहातावर ओतायची आणि म्हणायची, "ही बघून ठेवा. वर कितीही देखणं असलं तरी खाली ही बाई बसलेली आहे." मग एकेकाने उतार ओलांडायचा. बाकीच्यांनी बघत राहायचं. गप्पा नाहीत, नाक शिंकरणं नाही.

आणि एक नियम होता, तो तर आमच्या गावाचाच म्हणा ना. केर बंधू बर्फाच्या लोटाखाली गेले त्या वर्षीचा. पाचजण निघाले, तिघे परत आले. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना हळूहळू बाहेर आलं की त्या तिघांनाही सकाळपासून मनात खटकत होतं. पण बोललो तर बाकीचे भित्रा म्हणतील, या भीतीने तिघेही मूग गिळून गप्प बसले. डॅग्नीने हातातला कप आपटला. म्हणाली, "यापुढे या गावात कुणीही 'परत' म्हटलं की सगळ्यांनी परत. कारण विचारायचं नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही, दारू प्यायल्यावर नाही." तेव्हापासून ते कॉपरबेलमध्ये वेदवाक्य झालं. कितीदा तरी सुरेख दिवस वाया गेले. लोवेल झुपान, ज्याचं अवजारांचं दुकान होतं, तो एकदा चक्क बायकोचा वाढदिवस आठवला म्हणून 'परत' म्हणाला असा सगळ्यांचा संशय होता. पण विचारलं कुणी? नाही. नियम म्हणजे नियम.

मग बीपर आले. आताच्या पोरांच्या यंत्रांवर बाण दिसतात, आकडे दिसतात, लाड आहेत नुसते. तेव्हाचा बीपर म्हणजे साबणाच्या वडीएवढं पिवळं खोकं, कोटाच्या आत गळ्यात अडकवायचं. कुणी बर्फाखाली गाडला गेला तर बाकीच्यांनी आपल्या खोक्याची तार कानात खुपसायची आणि गाडलेल्याच्या खोक्याची टिकटिक वाढेल तिकडे धावायचं. सगळी मदार कानावर. म्हणून निघताना ओढ्यावरच्या पुलापाशी डॅग्नी कानात तार घालून उभी राहायची, एकेकजण समोरून जायचा, आवाज आला की ती मान हलवायची.

एका शनिवारी संध्याकाळी बेकरीत फिलोमेना खिदळत म्हणाली, "ऐका गंमत! आज माझा बीपर घरीच राहिला होता, पिठाच्या डब्यावर. आणि डॅग्नीने मला तसंच सोडलं! लाडकी आहे हो मी तिची."

सगळे हसले. डॅग्नीही हसली. ओरिन तेवढा डॅग्नीकडे बघत होता.

घरी गेल्यावर डॅग्नी ओट्याशी बटाटे सोलत पाठमोरी उभी होती. ओरिन दारात थांबून म्हणाला, "डॅग्नी, पडद्याला आग लागलीय." ती सोलतच राहिली. तो जरा मोठ्याने म्हणाला, "डॅग्नी, घर जळतंय गं." तिने एक बटाटा संपवून दुसरा घेतला. मग तो तिच्या समोर जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघून तिला सगळं कळलं.

"चोरून परीक्षा घेतलीस होय रे?"

"कधीपासून?"

"गेला हिवाळा. आईचे कानही असेच गेले होते. तोंडासमोर बोललात की ओठांवरून कळतं मला."

"यंत्र मिळतं ना कानाचं."

"आणलंय. थंडीत टोपीखाली शिट्ट्या मारतं मेलं. वाटतं डोक्यात किटली ठेवलीय." तिने सुरी खाली ठेवली. "कुणाला सांगायचं नाही, ओरिन."

"अगं, पण पुढे तू असतेस."

"म्हणूनच सांगायचं नाही. शाळा गेली, बाबा गेले, पोरं डेन्व्हरला गेली. शनिवार तेवढा माझा आहे. तोही काढून घेतलास तर मी कशाला उठू सकाळी?"

आता यावर नवरा काय बोलणार? ओरिन म्हणाला, "बरं. तू पुढे, मी मागे. तुझ्या वाटचं मी ऐकीन."

"आणि ऐकून मला सांगशील कसं?"

दुसऱ्यांदा तिने त्याला असा प्रश्न विचारला होता. पुढच्या शनिवारपासून पुलावर कानात तार घालून ओरिन उभा राहू लागला. डॅग्नीने सगळ्यांना सांगितलं, माझी बोटं गारठतात हल्ली. जिने उभा जन्म उघड्या हातांनी बर्फ चाचपला, तिची बोटं गारठतात! पण लोकांनी मानलं. डॅग्नी सांगतेय म्हटल्यावर झालं.

फेब्रुवारी उलटत आला होता. केटलच्या कुशीत जुन्या खाणीचं एक लाकडी खोपटं होतं, आमच्या शनिवारांचं माहेरघरच ते. दरवर्षी या सुमाराला वर जाऊन त्याच्या छपरावरचं बर्फाचं ओझं फावड्याने काढावं लागे, नाहीतर तुळया मोडायच्या. तीन-चार शनिवार वादळात गेले होते. छपराची काळजी सगळ्यांनाच लागली होती, डॅग्नीला जास्त. आणि त्या शनिवारी आभाळ असं निळं, असं धुतल्यासारखं उघडलं की घरात बसणं म्हणजे पाप. सहा जण निघाले. डॅग्नी, तिच्यामागे लोवेल, मग फिलोमेना, आणखी दोघं, आणि अर्थातच शेवटी ओरिन. फिलोमेना वाटेत गात होती. ती गाऊ लागली की लोवेल म्हणायचा, "बाई, बर्फ सुटेल." ती म्हणायची, "तुझ्या विनोदांनी सुटला नाही, माझ्या गाण्याने काय सुटतोय!"

झाडी संपून वरचा सपाट माळ लागला, तिथे ते झालं. ओळीच्या मध्यावर, पायाखाली खोल कुठेतरी, धप्प! वरच्या माळ्यावर कुणी गादी आपटावी तसा आवाज. बर्फ बोटभर खाली बसला आणि केसासारखी एक चीर सळसळत पुढे गेली. तळाच्या साखरेने मान टाकली की हा आवाज येतो. डोंगर याहून स्पष्ट बोलत नाही. सपाटीवर होता म्हणून ठीक. हाच बर्फ उतारावर असा बसला तर अख्खी लादी घेऊन खाली येतो.

सगळे जागच्या जागी थिजले आणि सगळ्यांनी एकदमच पुढे बघितलं. डॅग्नी बरीच पुढे होती. ती त्याच संथ लयीत चालत राहिली. वळली नाही, थबकली नाही.

लोवेलने मागे फिलोमेनाकडे बघून खांदे उडवले. "तिने ऐकलंच असणार. काहीतरी हिशेब असेल तिचा."

"तिला नाही कळणार तर कुणाला?" फिलोमेना म्हणाली आणि तिने स्की पुढे सरकवली.

असे आम्ही लोक! परक्या माणसावर, हवामानखात्यावर, सरकारवर आमचा काडीचा भरवसा नाही. पण डॅग्नीवर इतका, की स्वतःच्या पायाखाली फुटलेलं स्वतःच्या कानांनी ऐकून सोडून दिलं. त्या ओळीत खरं काय ते एकट्या ओरिनला माहीत होतं. तो मागून ओरडला, "तिला थांबवा! पुढे निरोप द्या!" निरोप एकाकडून दुसऱ्याकडे निघाला. ओरिनला वाटलं, वेळ आहे. उताराच्या अलीकडे एक टेकाड आहे, तिथे ती नेहमी थांबते, खणते. तो धापा टाकत एकेकाला मागे टाकत निघाला.

पण छप्पर वाट बघत होतं, आभाळ निळं होतं, आणि त्या दिवशी, डोंगराने काहीच तक्रार केली नाही अशा समजुतीत, डॅग्नी टेकाडावर थांबली नाही. निरोप लोवेलपर्यंत पोहोचला तेव्हा ती उतारावर उतरली होती. लोवेलने हाका मारल्या. मारून काय होणार? तिला मागे बोलवायची सोय नाही, तिच्यामागे धावायची सोय नाही. भरल्या उतारावर दुसऱ्या माणसाचं वजन टाकायचं नसतं, हे तिनेच प्रत्येकाच्या डोक्यात कोरलेलं.

ओरिन टेकाडावर आला आणि बघत राहिला. तेवढंच करायचं असतं. जिथे ती शेवटची दिसेल ती जागा डोळ्यांत धरून ठेवायची. त्या पांढऱ्या पसाऱ्यात तिची लाल टोपी मुंगीसारखी सरकत होती. ओरिनने आयुष्यात देवाकडे फार काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी भिकाऱ्यासारखं मागितलं. बाकी सगळं ने, म्हणाला, घर ने, माझे कान ने, पण एवढा उतार तिच्या पायाखाली धरून ठेव.

टोपी पलीकडे पोहोचली. तिथे खडकाची धार आहे, तिच्यावर दाट जुनी झाडी. डॅग्नी वळली आणि तिने काठी उंच केली. या, एकेक.

लोवेलने, उतारावर शिरण्याआधी सोडायचे असतात तसे, मनगटातले काठ्यांचे पट्टे सोडले आणि स्की पुढे टाकली.

"परत," ओरिन म्हणाला.

"काय?"

"परत जायचं. सगळ्यांनी."

"अरे, डॅग्नी बोलावतेय!"

"मला दिसतंय. मी परत म्हणतोय, लोवेल."

फिलोमेनाने तोंड उघडलं, "पण डॅग्नी..." आणि तिची जीभ आपोआप थांबली. इतक्या वर्षांत ओरिनने तो शब्द कधी उच्चारलेला नव्हता. लोवेलने एकदा पलीकडे बघितलं, एकदा ओरिनकडे, आणि पुढे टाकलेली स्की मागे घेतली. कारण कुणी विचारलं नाही.

ओरिनने दोन्ही काठ्या डोक्यावर फुलीसारख्या धरल्या. पलीकडून तिने पुन्हा काठी उंचावली, या वेळी रागाने. ओरिनने फुली तशीच धरून ठेवली. तिने स्की आपटलेली इथून दिसली. आणि मग ती एकदम थांबली. टेकाडावर सगळ्यांच्या पुढे कोण उभं आहे, हे बहुधा तिला तेव्हा दिसलं. मग तिने हात हळूच वर नेला आणि टोपीवरून कानाला लावला.

ओरिनने मान हलवली. इतक्या लांबून दिसावी म्हणून त्याने कमरेतून सगळं अंगच हलवलं. बाकीच्यांना वाटलं, हा काय नमस्कार करतोय का? मग त्याने काठीने धारेवरच्या झाडीकडे दाखवलं, तिथून खाली ओढ्याकडे. झाडीतून उतर. उतारावर पाऊल टाकू नकोस. ती वळली आणि लाल टोपी झाडांत दिसेनाशी झाली.

ओरिनने बाकीच्यांना आल्या वाटेने खाली पाठवलं आणि स्वतः ओढ्यावरच्या पुलाकडे गेला. दुपार कलली. पुलावर उभ्या उभ्या त्याच्या मनात हजार शंका आल्या. लग्न झाल्यापासून डोंगरात ती कधी एकटी नव्हती. तिच्या मागे कुठेतरी तो असायचाच. आज तिच्या मागे ऐकायला कुणी नव्हतं.

ती आली. टोपीवर पाईनच्या काड्या, गालावर ओरखडा. येऊन कठड्याला टेकली.

"आवाज मोठा होता?"

"मोठा. चीर तुझ्या दिशेनेच धावली."

"मी उतारावर जायच्या आधी?"

"आधी."

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "आणि मला वाटत होतं, आज डोंगर किती शांत आहे. मनात म्हणत होते, असा शांत दिवस कित्येक वर्षांत मिळाला नव्हता." मग ती रडायला लागली. ओरिनने तिला त्याआधी फक्त सासऱ्यांच्या अंत्ययात्रेत रडताना पाहिलं होतं. त्याने कोटातून पास्टी काढली, अर्धी मोडून तिच्या हातात ठेवली.

खाता खाता ती म्हणाली, "त्यांना काय सांगितलंस?"

"काही नाही. परत म्हटलं."

"विचारलं नाही कुणी?"

"विचारतील कसे? तूच बंदी घातलीयस."

ती रडता रडता हसली. मग सरळ बेकरीत गेली, सगळे तिथेच सुन्न बसले होते, त्यांच्या मधोमध उभी राहिली आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "माझे कान गेलेत. गेल्या हिवाळ्यापासून. आज मी तुम्हाला मारलं असतं." फिलोमेना उठून तिच्या गळ्यात पडली आणि काहीतरी बोलली, पण तोंड खांद्यात असल्यामुळे डॅग्नीला ते समजलं नाही. ते पुन्हा समोर येऊन बोलावं लागलं.

तो उतार सुटला का, असं लोक अजून विचारतात. नाही सुटला. मे महिन्यापर्यंत तसाच उभा राहिला आणि निमूट वितळून गेला. खोपट्याचं छप्पर मात्र मार्चमध्ये ओझ्याने बसलं. बरोबर कोण होतं, ते डोंगराने कधीच सांगितलं नाही. लोवेल पुढे कितीदा तरी ओरिनला टोमणा मारायचा, "एक छप्पर देणं लागतोस गावाचं!" ओरिन म्हणायचा, "देईन की. तू बांधायला जिवंत आहेस ना?"

पुढच्या हिवाळ्यात पहिला शनिवार आला तेव्हा पुलावर डॅग्नी बाजूला झाली आणि ओरिनला म्हणाली, "चल. हो पुढे."

"मी? मला वाटा कुठे माहीत आहेत!"

"वाट मी सांगते. कान तू दे."

तो पुढे झाला. ती त्याच्या मागोमाग. डावीकडे वळायचं असलं की तिने त्याच्या डाव्या स्कीवर काठीने टिचकी मारायची, उजवीकडे असलं की उजव्या. पहिली चढण चढून ओरिन श्वास घ्यायला थांबला. मागून टिचकी आली नाही, शब्दही आला नाही. चुकलं वाटतं काहीतरी, म्हणून तो वळला. डॅग्नी काठ्यांवर हनुवटी टेकून त्याच्याकडे बघत होती.

"काय गं? वाट चुकली?"

"नाही." ती जवळ आली आणि हातमोजा काढून तिने त्याच्या दोन खांद्यांच्या मधे हात ठेवला. "तुझी पाठ केवढी वाकलीय रे, ओरिन. मला माहीतच नव्हतं."

"पुढे बघत होतीस ना तू," ओरिन तिच्याकडे तोंड करून म्हणाला, आणि चालू लागला.